रिचमंडच्या गोदीतले वेल्डर

मुंबईच्या गोदीत अनेक वर्षं वेल्डिंग केल्यामुळे जहाजावर चढलं की माझी नजर आधी सांध्यांवर जाते. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रिचमंडला ‘रेड ओक व्हिक्टरी’ हे मालवाहू जहाज संग्रहालय म्हणून जपलं आहे. युद्धाच्या धामधुमीत, १९४४ साली, ते याच गावच्या गोदीत बांधलं गेलं.

होल्डमध्ये उतरून पत्र्यावर बोट फिरवलं. रंगाच्या थरांखालीही माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले पदर लागतात. आडवा सांधा सरळ, रुंदी एकसारखी. पुढे एका उभ्या सांध्यात मात्र धातू ओघळलेला दिसला. उभ्या कामात वितळलेलं लोखंड खाली येऊ पाहतं. रॉड जरा जास्त थांबला की गाठ होते, घाई केली की मुळाशी पोकळी राहते. डोक्यावरचा सांधा तर त्याहून अवघड. ठिणग्या थेट कॉलरमध्ये शिरतात.

हे सांधे मारणारी माणसं टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा, लुइझियाना अशा ठिकाणांहून पोटापाण्यासाठी आली होती. त्यांत बायकाही पुष्कळ. अनेकांनी त्याआधी गोदी पाहिलीही नव्हती. १९४० साली जेमतेम चोवीस हजार वस्तीचं रिचमंड तीनेक वर्षांत लाखाच्या घरात गेलं. एकाच खाटेवर पाळीपाळीने माणसं झोपत.

नवख्यांकडून काम निभावलं ते पद्धतीमुळे. उद्योगपती हेन्री कायझर यांच्या इथल्या गोद्यांत जहाजाचे मोठाले भाग आधी जमिनीवर जोडत आणि क्रेनने हवे तसे उलटवत. त्यामुळे पुष्कळसे सांधे खाली मान घालून मारता येत, आणि तेवढं काम काही आठवड्यांत शिकवता येतं. रिचमंडच्या चार गोद्यांनी ७४७ जहाजं बांधली. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज तर पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरलं.

मान मात्र सर्वांना सारखा मिळाला नाही. कृष्णवर्णीय कामगारांना युनियनच्या वेगळ्या शाखेत टाकलं जाई. वर्गणी द्यायची, पण कारभारात मत नाही. खाडीपलीकडच्या सॉसालिटोच्या गोदीत जोसेफ जेम्स या वेल्डरने याविरुद्ध दावा लावला आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला.

दुसरा डाग कारागिरीवर लागला. १६ जानेवारी १९४३ च्या थंड रात्री ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेलं ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं टँकर जहाज शांत पाण्यात मधोमध दुभंगलं. आणखीही जहाजांना तडे गेले, आणि खापर आधी वेल्डरांवर फुटलं. काही सांधे कच्चे होतेच. पण केंब्रिजच्या धातुतज्ज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी मूळ रोग शोधला: ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होतं. हॅचच्या चौकोनी कोपऱ्यांवर ताण साचे, तिथून तडा सुटे. रिवेटच्या जहाजात तो सहसा पत्र्याच्या कडेला थांबे. सलग वेल्ड केलेल्या जहाजात तो थेट पुढे धावे.

युद्ध संपताच गोद्या बंद झाल्या आणि हजारोंची रोजी गेली. त्यांच्या कामावरचा तो ठपका पुसणं आपल्या हाती आहे. जहाज असो, पूल असो वा बॉयलर, काही फुटलं की वेल्डरला धारेवर धरण्याआधी पोलादाची चाचणी मागा आणि आराखडा तपासा.