मळणीच्या धुळीचा खोकला की टीबी? दोन आठवडे झाले तर थुंकी तपासाच

सोयाबीनच्या मळणी यंत्राजवळ उभं राहिलं की नाकातोंडात धूळ जाते, खोकला लागतो. गावात लगेच निदान होतं, ‘धुळीची अ‍ॅलर्जी आहे.’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण फुप्फुसाचा क्षयरोग, म्हणजे टीबी, सुरुवातीला असाच दिसतो. अ‍ॅलर्जी समजून महिनोन्‌महिने औषध घेत बसलं, तर तेवढ्यात घरातल्या लेकरांना आणि म्हाताऱ्यांना लागण होऊ शकते.

फरक कसा ओळखायचा?

अ‍ॅलर्जी किंवा दम्याचा त्रास कमी-जास्त होतो. धूळ, कुटार, चुलीचा धूर यांच्याजवळ गेलं की शिंका येतात, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, धाप लागते. लांब राहिलं की बरं वाटतं.

टीबीचा खोकला धूळ असो वा नसो, चालूच राहतो. सोबत संध्याकाळची कणकण, रात्री घाम, भूक कमी, वजन उतरणं. बेडक्यात रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

इंजेक्शनने बरं वाटलं तरी सावध

दम्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनने टीबीच्या रुग्णालाही थोडे दिवस बरं वाटू शकतं. पण त्याने अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते आणि आजार आतून वाढतो. शुगर असलेल्यांनी जास्त जपावं. मात्र ज्यांना खरोखर दमा आहे त्यांनी आपला पंप मनाने बंद करू नये.

रात्रीच खोकला येतो?

पूर्व विदर्भात हत्तीरोगाचे रुग्ण आढळतात. हत्तीरोगाच्या जंतांमुळेही काहींना रात्री दम्यासारखा खोकला आणि धाप लागते. रक्तात इओसिनोफिल पेशी खूप वाढतात. त्या अ‍ॅलर्जीतही वाढतात, म्हणून घोटाळा होतो. यावर वेगळं औषध आहे, नुसत्या पंपाने भागत नाही.

काय करायचं?

– खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.
– सकाळी उठल्यावर खोल खोकून बेडका द्या. नुसती लाळ चालत नाही.
– सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीत टीबीचे जंतू सापडतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे. गरज पडली तर डॉक्टर छातीचा एक्स-रे सांगतात.
– टीबी निघाला तर औषधही मोफत. साधारण सहा महिने चालतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.
– निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत खात्यावर महिन्याला 1000 रुपये मिळतात. आधार आणि पासबुक सोबत न्या.

मळणीच्या वेळी तोंडाला उपरणं किंवा मास्क बांधाच. पण खोकला थांबत नसेल तर दोष धुळीवर ढकलून घरी बसू नका. टीबी वेळेत सापडला तर पूर्ण बरा होतो.