बीजवाहिनीगत गर्भानंतर पुन्हा गर्भधारणा : रुग्णेची भीती आणि वैद्याचे कर्तव्य

अपत्यप्राप्तीच्या इच्छेने चिकित्सालयात येणाऱ्या दांपत्यांत एक वर्ग असा असतो की, ज्यांच्या बाबतीत गर्भ राहिलेला असतो. परंतु तो गर्भाशयात न रुजता बीजवाहिनीत रुजलेला असतो. मग शस्त्रक्रियेने तो काढावा लागतो, किंवा मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देऊन त्याची वाढ थांबवावी लागते. अशी रुग्णा काही महिन्यांनी आपल्याकडे येते ती ‘गर्भ राहण्यासाठी औषध द्या’ असे म्हणत. फाईल उलगडून झाली आणि सासूबाई बाहेर जाऊन बसल्या, की खरा प्रश्न येतो : “डॉक्टर, एक नळी गेली. दुसरीतही तसंच झालं तर?”

या प्रश्नाला ‘काही होत नाही, काळजी करू नका’ हे उत्तर नव्हे. जी स्त्री अर्ध्या रात्री पोटात रक्तस्राव होऊन शस्त्रक्रियागृहात गेली, तिला असे उत्तर म्हणजे तिचे म्हणणे ऐकलेच नाही असे वाटते. तिला आकडे सांगावेत, असे आमचे मत आहे. एकदा बीजवाहिनीत गर्भ राहिल्यानंतर पुढच्या गर्भधारणेत तसेच होण्याची शक्यता साधारण १० टक्के असते. एरवीच्या १ ते २ टक्क्यांच्या मानाने ती खचितच अधिक आहे. पण याचाच अर्थ पुढच्या दहा गर्भधारणांपैकी नऊ योग्य जागी राहतात. दुसरी बीजवाहिनी निरोगी दिसत असेल तर एक काढून टाकल्याने फार बिघडत नाही. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, नळी राखून केवळ गर्भ काढलेल्या स्त्रियांपैकी ६०.७ टक्के व नळीच काढलेल्यांपैकी ५६.२ टक्के स्त्रियांना ३६ महिन्यांत नैसर्गिक रीत्या गर्भ राहून तो टिकला. या दोहोंतील अंतर संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतके नव्हते.

‘उजवी नळी काढली, म्हणजे आता एक महिना सोडून एक महिना प्रयत्न करायचा का?’ असेही विचारले जाते. बीजोत्सर्ग दोन्ही बाजूंनी पाळीपाळीने होतोच असे नाही, आणि उजव्या बीजकोशातून सुटलेले बीज डावी बीजवाहिनी उचलून घेऊ शकते. हे चित्र काढून दाखवले की पुष्कळ ताण उतरतो.

त्याखाली अपराधाची भावना दडलेली असते. हंडा उचलला, एसटीने प्रवास केला, पपई खाल्ली, यांपैकी कशानेही गर्भ नळीत रुजत नाही. श्रोणीतील जुना संसर्ग, बीजवाहिनीवरील पूर्वीची शस्त्रक्रिया आणि धूम्रपान ही ज्ञात कारणे होत. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षय विसरू नये. (मिश्री व तंबाखू गर्भाच्या वजनासाठी अपायकारक असल्याने त्याही सोडवाव्यात.) तथापि जवळजवळ निम्म्या रुग्णांत कोणतेही कारण सापडत नाही, आणि हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. सुश्रुताचार्यांनी गर्भोत्पत्तीसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही चार अंगे सांगितली. या रुग्णेत गर्भ राहिला होता, म्हणजे बीजाने आपले काम केले होते. वैगुण्य बहुधा मार्गात आहे. काही लेखक या विकाराचा संबंध नागोदर किंवा लीनगर्भ यांच्याशी जोडतात. आम्हास ते पटत नाही. त्या अवस्थांत गर्भ स्वस्थानीच असून त्याची वाढ खुंटते. येथे स्थानच चुकलेले असते. नावाचा हा घोळ निरुपद्रवी नाही, कारण त्यातून चिकित्साही चुकते.

ती आमच्याच हातून चुकली होती. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत, दीड महिना पाळी चुकलेली व थोडे रक्त जाणारी एक रुग्णा आली. लघवीची तपासणी होकारार्थी होती. आम्ही गर्भस्राव समजून गर्भपाल रस व शतावरी दिली आणि विश्रांती सांगितली. तिसऱ्या रात्री बीजवाहिनी फुटली. वेळेवर शस्त्रक्रिया झाली म्हणून ती वाचली. आमच्या गावी सोनोग्राफीची सोय नव्हती, ही सबब सांगता येईल; परंतु ती तालुक्याच्या ठिकाणी होती आणि आम्ही पाठविले नव्हते. तेव्हापासून गर्भ कोठे आहे हे कळल्याविना आम्ही कोणतेही गर्भस्थापक औषध देत नाही. (गर्भपाल रसात नागभस्म असते, त्याचा विचार स्वतंत्र लेखात व्हावयास हवा.)

उत्तरबस्तीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. बंद बीजवाहिनीसाठी आपल्यापैकी अनेकजण ती देतात. परंतु नळीचा मार्ग क्ष-किरण चित्रात मोकळा दिसला म्हणजे ती कार्यक्षम झाली असे नव्हे. आतील सूक्ष्म लोमयुक्त आवरण संसर्गाने नष्ट झाले असेल तर बीज पुढे ढकलले जात नाही. पूर्ण बंद नळीत शुक्राणू पोहोचतच नाहीत. अर्धवट मोकळी झालेली नळी मात्र गर्भ अडकण्यास नेमकी अनुकूल असते. म्हणून ज्या रुग्णेस उत्तरबस्ती द्यायची तिला हा धोका आधी सांगावा. गर्भ नाही याची खात्री व संपूर्ण निर्जंतुकता याविना ती देऊच नये.

पुन्हा प्रयत्न कधी करावा? शस्त्रक्रियेनंतर जखम भरून एक-दोन पाळ्या नियमित येऊ द्याव्यात. मेथोट्रेक्सेट दिले असल्यास किमान तीन महिने गर्भधारणा टाळावी; ते फोलेटविरोधी आहे. बीटा एचसीजी शून्यवत होईपर्यंत फोलिक ॲसिडही वर्ज्य असते, आणि येथेच आपली गल्लत होते. गर्भसंस्काराच्या नावाने मिळणाऱ्या पुड्यांत, गोळ्यांत ते असू शकते. या काळात यकृतावर भार टाकणारी औषधे किंवा शोधनकर्म नको. पांडुता भरून काढणे, अग्नी, निद्रा, आणि जखम भरल्यावर मृदू अभ्यंग एवढे पुरे. फोलिक ॲसिड पुढे, प्रयत्न सुरू करण्यापूर्वी, अवश्य सुरू करावे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात श्रेष्ठ भावांची गणना करताना गर्भधारणेसाठी सौमनस्याला अग्रस्थान दिले आहे. याचा अर्थ रुग्णेने हसतमुख राहिलेच पाहिजे असा घेऊ नये. दुःख करण्यास तिला अवकाश हवा. लंडनमधील रुग्णालयांत झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भस्राव अथवा गर्भाशयबाह्य गर्भ झालेल्या २९ टक्के स्त्रियांत एक महिन्यानंतर, आणि १८ टक्के स्त्रियांत नऊ महिन्यांनंतरही, आघातोत्तर ताणाची लक्षणे आढळली. पतीलाही बोलावून बसवावे. तो बहुधा दाराशीच उभा असतो.

आम्ही प्रत्येक अशा रुग्णेस एक चिठ्ठी देतो. पाळी चुकताच लघवीची तपासणी. ती होकारार्थी आल्यास ४८ तासांच्या अंतराने दोनदा रक्तातील बीटा एचसीजी. सहाव्या आठवड्याच्या सुमारास योनीमार्गे सोनोग्राफी. एका बाजूस दुखणे, भोवळ, खांद्याच्या टोकाशी वेदना यांपैकी काहीही झाल्यास आमच्याकडे न येता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास तोही ठळक लिहितो, म्हणजे अँटी-डी राहून जात नाही.

गेल्या वर्षी एका ताईंनी ही चिठ्ठी पर्समध्ये घडी घालून ठेवली होती. पाळी दोन दिवस लांबताच त्यांचा दूरध्वनी आला. सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात दिसला, तरी त्यांनी आठवड्याने पुन्हा तपासून घेण्याची इच्छा दर्शविली. आम्ही नाही म्हटले नाही.