आई दमली, पिठलं करू या!

संध्याकाळचे साडेसात वाजले आहेत. आई नुकतीच कामावरून आली आहे. चपला काढून ती दारातच टेकली. तुम्ही विचारता, "आई, आज जेवायला काय?" आणि ती म्हणते, "तुम्ही काहीतरी खाऊन घ्या रे. मला आज भूकच नाही."

ओळखीचं वाटतं ना? मी पाचवीत होतो तेव्हा माझी आईही असंच म्हणायची. मला ते अगदी खरं वाटायचं! मग मी आणि ताई चुरमुरे खाऊन झोपायचो. एकदा आजी गावाहून आली होती. तिनं हे ऐकलं आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "अरे वेड्या, भूक नाही म्हणजे गॅसपुढं उभं राहायचं त्राण नाही. चल, डबे उघड!"

डब्यांत डाळीचं पीठ होतं, तांदूळ होते, मिसळणाचा डबा होता. टोपलीत दोन कांदे. भाजी मात्र एकही नाही. "झालं की मग जेवण!" आजी म्हणाली. तिनं भात लावला आणि पिठलं माझ्यावर सोपवलं.

मी घाईघाईनं कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं. झालं! गुठळ्याच गुठळ्या. असं का होतं, ठाऊक आहे? गरम पाणी लागताच पिठाचे बाहेरचे कण लगेच फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. त्यांचं जणू कवच बनतं. मग पाणी आत शिरत नाही आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. गार पाण्यात मात्र कण आधी सुटे होतात. म्हणून पीठ नेहमी गार पाण्यात कालवायचं.

आता कृती ऐका. चौघांसाठी १ वाटी डाळीचं पीठ घ्या. १ वाटी गार पाण्यात ते नीट कालवा. कढईत २ चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, हळद घाला. चिरलेला कांदा परता. तिखट, मीठ आणि २ वाट्या पाणी घाला. पाण्याला उकळी आली की कालवलेलं पीठ एका हातानं बारीक धारेनं ओता, दुसऱ्या हातानं ढवळत राहा. मग गॅस बारीक करून झाकण ठेवा आणि पाच-सात मिनिटं वाफ येऊ द्या. घट्ट होताना पिठलं उडतं आणि चटका बसतो, म्हणून झाकण हवंच!

गॅसजवळ काम करताना घरातलं मोठं माणूस शेजारी असू द्या. अंगात सुती कपडे घाला आणि काम झालं की गॅस आठवणीनं बंद करा.

विदर्भात याच पदार्थाला नुसतं 'बेसन' म्हणतात. कोकणात कुळथाची पिठी करतात. नावं वेगळी, पण भाताशी किंवा भाकरीशी सगळीच छान लागतात.

पिठलं नको असेल, तर २ वाट्या तांदूळ आणि १ वाटी मूगडाळ घेऊन खिचडी करा. तांदळात लायसीन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी, ते तांदूळ भरून काढतो. म्हणून ही जोडी पोटाला हलकी असूनही अंगी लागते. सकाळच्या पोळ्या उरल्या असतील, तर कुस्करून कांद्याच्या फोडणीत परता. तेही नको? मग गरम मऊ भात, मेतकूट आणि तूप!

आणि हो, मुलग्यांनो, "हे ताईचं काम" असं म्हणू नका बरं का! भूक सगळ्यांना लागते, मग हातही सगळ्यांचे लागायला हवेत.

त्या रात्री माझं गुठळ्यांचं पिठलं आईपुढं ठेवलं. तिला भूक नव्हती ना? तिनं दोनदा भात वाढून घेतला. गुठळ्यांबद्दल एक शब्दही बोलली नाही.

तर दोस्तांनो, या रविवारी घरातले डबे उघडून बघा. कशात काय आहे, किती आहे, याची यादी करा. आई किंवा बाबा शेजारी असताना एकदा पिठलं करून पाहा. म्हणजे पुढच्या वेळी कुणी दमून म्हणालं, "मला भूक नाही", तर तुम्ही काय म्हणाल?

"तू बस. मी ताट वाढतो!"