युरोपचे तीन देश, एक मोबाइल: ट्रिप स्वतः बुक करायची की एजंटकडे द्यायची?

पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम. आई-बाबांच्या लग्नाला 30 वर्षं झाली म्हणून ही ट्रिप ठरली. ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटने माणशी 2 लाख 90 हजारांचा आकडा सांगितला. मी दोन रात्री मोबाइल घेऊन बसलो आणि हिशोब केला, तर तीच ट्रिप माणशी 2 लाख 35 हजारांत बसत होती. तिघांचे मिळून 1 लाख 65 हजार वाचत होते! बाबा म्हणाले, "तुला जमत असेल तर कर. पण तिकडे अडकलो तर फोन कोणाला करायचा, ते आधी सांग."

तेव्हा मला वाटलं, बाबा उगाच घाबरतायत. आता वाटतं, या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न तोच होता. विमान, हॉटेल, ट्रेन असे सुटे तुकडे बुक करणं फोनवर अगदी सोपं झालंय. गडबड होते ती दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे. आणि तो जोड तुटला तर निस्तरायचं कोणी, यावर स्वतः की एजंट हे ठरतं.

विमानाचं तिकीट काढताना

तीन देश फिरायचे असतील तर मुंबई-पॅरिस-मुंबई असं रिटर्न तिकीट काढू नका. रोमला ट्रिप संपली की फक्त विमान पकडायला परत पॅरिसला जावं लागेल. गुगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर 'राउंड ट्रिप'च्या शेजारीच 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो. तिथे पहिल्या ओळीत मुंबई ते पॅरिस आणि दुसऱ्या ओळीत रोम ते मुंबई टाका. बऱ्याचदा दोन सुटी एकेरी तिकिटं काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तरी दोन्ही प्रकारे भाव बघा.

आता महत्त्वाचं. मधे विमान बदलायचं असेल, तर दोन्ही विमानं एकाच बुकिंगमध्ये आहेत ना, हे तपासा. एकाच बुकिंगमध्ये असतील आणि पहिलं विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही एअरलाइनची जबाबदारी असते. दोन वेगळी बुकिंग असतील तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडालं. शिवाय मधल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि त्यासाठी कधीकधी त्या देशाचा व्हिसाही लागतो. तुलना करणाऱ्या साइट्सवर सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या तिकिटाखाली बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलेलं असेल, तर समजा की तो जोड तुमच्या गळ्यात मारलाय.

व्हिसा एक, पण मागायचा कोणाकडे?

फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली हे तिन्ही शेंगेनमध्ये आहेत. एका व्हिसावर 29 देश, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. पण अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे आपण आवडीने ठरवायचं नसतं. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. मुख्य ठिकाण ठरवताच येत नसेल, तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे.

माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये पॅरिसला 3 रात्री, इंटरलाकेनला 4 आणि रोमला 4 होत्या. म्हणजे स्वित्झर्लंड आणि इटली बरोबरीत, आणि आत शिरायचं फ्रान्समधून! कोणी काहीही सांगत होतं. शेवटी मी रोमची एक रात्र वाढवली आणि प्रश्नच मिटवला: इटली 5, अर्ज इटलीकडे. काही जण काय करतात, ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते तिथली जास्त हॉटेलं दाखवतात आणि व्हिसा आला की रद्द करतात. असं करू नका. विमानतळावर अधिकारी बुकिंग मागू शकतात, आणि खोटी माहिती दिल्याची नोंद पुढच्या अर्जाला नडते.

व्हिसाचं शुल्क मोठ्या माणसाला 90 यूरो, ते व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. अर्ज जाण्याच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटच संपलेल्या असतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. कमीत कमी 30 हजार यूरोंचं वैद्यकीय कव्हर असलेला प्रवास विमा लागतो. हॉटेलं 'फ्री कॅन्सलेशन'वालीच घ्या आणि रद्द करायची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. ही वेळ हॉटेलच्या गावातली असते, आपली नाही.

हे एकच काम मी एजंटला दिलं. थोडे पैसे घेऊन त्यांनी फॉर्म आणि कागदपत्रं तपासून दिली. बाबांच्या बँक स्टेटमेंटवर शिक्का नव्हता, हे त्यांनी पकडलं. माझ्या ते लक्षातही आलं नसतं. मात्र बोटांचे ठसे द्यायला व्हिसा सेंटरला स्वतःच जावं लागतं, आणि निर्णय वकिलातीचा असतो. 'व्हिसाची गॅरंटी' देणाऱ्या एजंटपासून चार हात लांबच राहा.

मी कुठे फसलो

विमानाचा नियम मला पाठ होता. तोच ट्रेनलाही लागतो, हे मात्र डोक्यात आलं नाही.

इंटरलाकेनहून रोमला जायला आम्ही श्पीत्सला गाडी बदलून मिलानला जाणार होतो आणि मिलानहून वेगवान गाडीने रोमला. मिलानपर्यंतचं तिकीट एका ॲपवर, पुढचं दुसऱ्यावर. दोन्ही सगळ्यात स्वस्त दरातली. मिलानला मधे 35 मिनिटं होती. मी खूश होतो, म्हटलं फलाटावर कॉफी पण होईल.

इटलीत शिरल्यावर डोमोदोस्सोलाला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. मिलानला पोहोचलो तेव्हा रोमची गाडी जाऊन अर्धा तास झाला होता. काउंटरवरच्या बाईंनी तिकीट बघितलं आणि मान हलवली. स्वस्त दराचं, न बदलता येणारं तिकीट, आणि आधीच्या गाडीचा उशीर हा त्यांचा विषय नाही. आई बॅगेवर बसली होती, बाबांचे गुडघे बोलायला लागले होते. ते काहीच म्हणाले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यात तो फोनवाला प्रश्न होता.

मी फोनवर पुढच्या गाडीची तीन तिकिटं काढायला घेतली. साधारण 270 यूरो. कार्डाचा नंबर टाकला आणि स्क्रीनवर आलं: ओटीपी टाका. भारतातला नंबर चालू होता म्हणून वाचलो.

हे नीट समजून घ्या. परदेशात डेटासाठी बहुतेक जण ई-सिम घेतात. ते भारतातूनच क्यूआर कोड स्कॅन करून टाकता येतं आणि तिकडे उतरल्यावर चालू होतं. पण बँकेचा ओटीपी येतो तो आपल्या नेहमीच्या नंबरवर. म्हणून सेटिंगमध्ये दोन्ही सिम चालू ठेवा, डेटासाठी ई-सिम निवडा आणि भारतीय सिमचं फक्त डेटा रोमिंग बंद करा. निघण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये त्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग सुरू आहे का, ते बघा. कार्डाचंही तसंच. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराचं बटण स्वतः चालू करावं लागतं. मशीनने 'रुपयांत की यूरोंत' असं विचारलं तर यूरो निवडा. रुपये निवडले की ते स्वतःचा महागडा दर लावतात. आयफेल टॉवरच्या तिकिटाला 2024 पासून यूपीआय चालतं हे खरं, पण तेवढ्यावर युरोप फिरता येत नाही.

ई-सिमचा आणखी एक सापळा आहे. युरोपीय संघात 2017 पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैशांशिवाय चालतं. स्वित्झर्लंड मात्र शेंगेनमध्ये असला तरी युरोपीय संघात नाही. म्हणजे पॅरिसला घेतलेलं सिम इंटरलाकेनला चालेलच असं नाही. 'युरोप' नावाच्या प्लॅनमध्येही देशांची यादी उघडून स्वित्झर्लंड शोधा.

एआय चॅटबॉटला विचारून प्लॅन करणाऱ्यांसाठी: मीही केलं. त्याने मला मंगळवारी लूव्ह्र बघायला पाठवलं होतं. लूव्ह्र मंगळवारी बंद असतं. कल्पना सुचवायला ठीक आहे, पण वार आणि वेळा त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत साइटवरच बघा.

मग एजंट कधी?

ग्रुप टूर आणि फक्त बुकिंग करून देणारा एजंट यांत फरक आहे. ग्रुप टूरमध्ये टूर मॅनेजर बरोबर असतो. गाडी चुकली तर पळापळ त्याची. बसमधून सगळं दाखवतात, जेवायला बऱ्याचदा आपलं जेवण असतं. आईसारख्या कांदा-लसूणही न खाणाऱ्या माणसाला ही छोटी गोष्ट नाही. पण इंटरलाकेनला पाऊस आला म्हणून आम्ही डोंगर एक दिवस पुढे ढकलला, तसं तिथे करता येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे तुमच्या तारखांप्रमाणे सगळं बुक करून देणारा. त्याच्याकडून काय काय मिळणार हे लेखी मागा. प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे, रद्द केल्यास किती कापणार, आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार. तिकीट हातात आलं की पीएनआर आणि आडनाव एअरलाइनच्या ॲपमध्ये टाकून बघा. हॉटेलला ईमेल करून बुकिंग खरंच आहे का विचारा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करता विमानतळावर गेलेले लोक मी बघितलेत. पॅकेज घेतलं तर बिलावर टीसीएस लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो. त्यामुळे भावाची तुलना करताना तो बाजूला काढून बघा.

मी पुढच्या वेळी काय करणार, तेही सांगतो. मित्रांबरोबर गेलो तर सगळं स्वतः. गाडी चुकली तर स्टेशनवर पिझ्झा खाऊ. आई-बाबांना घेऊन गेलो तर विमान आणि हॉटेल मी बघेन, व्हिसाचे कागद एजंटकडे, आणि ज्या दिवशी गाव बदलायचंय त्या दिवशी दोन गाड्यांमध्ये किमान दीड तास किंवा बदलता येणारं तिकीट. आता आई आणि बाबा दोघांच्या फोनमध्ये सगळ्या बुकिंगच्या पीडीएफचं एक फोल्डर ऑफलाइन ठेवतो, आणि त्यात पहिलीच फाइल आहे फोन नंबरांची: हॉटेल, विमा कंपनी, त्या देशातला भारतीय दूतावास. बाबांनी ती प्रिंट काढून पाकिटातही ठेवलीय.