सर्वांच्या मागून चालणारा

मूल साधारणपणे वर्षाचे झाले, की ते चालू लागते. त्याचे पहिले पाऊल पडते, तेव्हा आई हात पसरून समोर बसलेली असते आणि ते पडू नये म्हणून मागे कोणीतरी सावधपणे उभे असते. मनुष्य चालावयास शिकतो तो असा, सोबतीने. पुढे वय वाढते, व्यवसायामुळे खुर्चीशी गाठ पडते, आजारपण येते, आणि कित्येकांचे चालणे घराच्या दारापासून वाहनाच्या दारापर्यंत एवढेच उरते. अशा मनुष्यास पुन्हा पहिले पाऊल टाकावयाचे असेल, तर त्याच्या पुढे कोणी व्हावे आणि मागे कोणी राहावे? या प्रश्नाचे जे उत्तर इंग्लंडमधील लोकांनी शोधून काढले, ते जाणून घेण्याजोगे आहे.

चालणे हितकारक आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु त्याचा शास्त्रीय पुरावा मिळू लागला तो विसाव्या शतकात. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा अभ्यास डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी केला व तो 1953 साली प्रसिद्ध झाला. एकाच गाडीवर दोन माणसे काम करीत. चालक दिवसभर बसून राही. वाहक तिकिटे देण्यासाठी सारखा जिना चढे व उतरे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांपेक्षा चालकांमध्ये बरेच अधिक आहे, असे या अभ्यासात दिसून आले. केवळ एका पाहणीने एखादी गोष्ट सिद्ध होत नाही. तथापि पुढील अनेक संशोधनांनी शारीरिक हालचालीचे महत्त्व दृढ केले. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस झपझप चालले, की 150 मिनिटे पुरी होतात.

इंग्लंडमध्ये हौशी पदभ्रमणाची परंपरा जुनी आहे. शेफील्ड, मँचेस्टर यांसारख्या धुराने काळवंडलेल्या शहरांतील कामगार रविवारची सुटी मिळताच डोंगराळ माळांकडे धाव घेत. परंतु त्यांपैकी पुष्कळ जमीन धनिकांनी शिकारीसाठी राखून ठेवलेली होती. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो तरुणांनी किंडर स्काउट या पठारावर मनाई मोडून प्रवेश केला. त्याबद्दल काहींना तुरुंगवासही भोगावा लागला. 1935 साली पायी हिंडणाऱ्यांची ‘रॅम्बलर्स असोसिएशन’ ही देशव्यापी संस्था स्थापन झाली, आणि 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागात मुक्तपणे हिंडण्याच्या सोयींचा कायदा संमत झाला. अशा रीतीने वाटा मोकळ्या झाल्या. परंतु त्या वाटांवर जाणारे बहुतेक धडधाकट असत. ज्याला गल्लीच्या टोकापर्यंत जाताना धाप लागते, त्याने कोठे जावे?

ही अडचण डॉक्टर विल्यम बर्ड यांनी ओळखली. ते ऑक्सफर्डशायरमधील सॉनिंग कॉमन या गावी वैद्यकीय व्यवसाय करीत. “रोज चालत जा,” असे रुग्णास सांगणे सोपे असते. पण घरी गेल्यावर त्या उपदेशाचे पालन होतेच असे नाही. वाट नेमकी कोणती धरावी, मध्येच दम लागला तर काय करावे, लोक हसतील काय, अशा शंका मनात येतात व पाऊल उंबरठ्यातच अडते. म्हणून 1990 नंतरच्या दशकात डॉक्टर बर्ड यांनी गावातच सामुदायिक ‘आरोग्यफेऱ्या’ सुरू केल्या. 2000 साली हृदयरोगाविषयी कार्य करणाऱ्या एका संस्थेच्या व एका शासकीय संस्थेच्या साहाय्याने या कल्पनेस देशव्यापी योजनेचे रूप आले. पुढे 2012 मध्ये योजनेच्या कार्यात रॅम्बलर्स ही संस्था सहभागी झाली.

या फेरीचे स्वरूप अगदी साधे असते. वार, वेळ आणि जमण्याचे ठिकाण ठरलेले असते. शुल्क नसते. नवख्यांसाठी अर्ध्या तासाची, चढउतार नसलेली वाट निवडतात. मोठी फेरीदेखील सामान्यतः दीड तासाच्या आतच संपते. चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा मानतात. फेरीबरोबर दोन स्वयंसेवक असतात. एक पुढे चालून वाट दाखवितो. दुसरा सर्वांच्या मागून चालतो, आणि त्याच्यामागे कोणीही राहू द्यावयाचे नाही, हा नियम असतो. पुढच्या स्वयंसेवकास सर्व पाहतात. मागच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु ज्याचे गुडघे दुखतात, जो दर शंभर पावलांनी थांबतो, त्याच्या दृष्टीने फेरीतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती हीच होय. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतो, ही लाज त्याला वाटू न देणे, हे या स्वयंसेवकाचे खरे काम असते.

असे स्वयंसेवक मिळवावयाचे कसे, हा साऱ्या योजनेचा कळीचा प्रश्न आहे. “समाजसेवेसाठी पुढे या,” अशी मोघम हाक दिली, तर प्रत्येकाला वाटते की ती शेजाऱ्यासाठी आहे. त्याऐवजी एकाच व्यक्तीस भेटून, एकच निश्चित काम सांगणे अधिक फलदायी ठरते. “मंगळवारी सकाळी एक तास आपण मागून चालाल काय?” या प्रश्नाला होकार देणे सोपे जाते, कारण किती वेळ द्यावयाचा आणि काय करावयाचे, हे त्यात स्पष्ट असते. कामाची वाटणीही अशीच करावी लागते. एकाने आदल्या दिवशी वाट चालून चिखल, तुटलेली पायरी वा बंद फाटक पाहून यावे. एकाने आलेल्यांची नावे लिहावी. एकाने नव्या माणसाचे स्वागत करावे. ज्याला नेतृत्वाची भीती वाटते, तोदेखील चहाच्या वेळी एखाद्या एकाकी वृद्धाशेजारी बसू शकतो. फेरी नेणाऱ्यांसाठी योजनेत एका दिवसाचे प्रशिक्षण ठेवलेले असे. वाट कशी पारखावी, रस्ता कसा ओलांडावा, कोणास त्रास झाला तर काय करावे, हे त्यात शिकविले जाई.

स्वयंसेवक बहुधा फेरीतूनच निर्माण होतात. काल जो धापा टाकीत मागे राहिला, तोच काही महिन्यांनी मागून चालणारा उत्तम सोबती होतो. कारण पहिल्या दिवसाची धास्ती त्याच्या स्मरणात ताजी असते. उत्साही व बलवान मनुष्य पुष्कळदा आपल्या वेगाने चालू लागतो व मागच्याचा श्वास त्याला ऐकू येत नाही. म्हणून स्वयंसेवक निवडताना पायांच्या बळापेक्षा स्वभावातील धीर पाहावा लागतो.

या कार्यास एक धोकाही असतो. सारा भार एकाच माणसावर पडला, तर तो थकतो, आजारी पडतो किंवा गाव सोडून जातो, आणि त्याच्याबरोबर फेरीही बंद पडते. मग जी वृद्ध स्त्री आठवड्यातून त्या एकाच दिवशी कोणाशी मनमोकळे बोलत असे, तिचे दार पुन्हा बंद होते. यास्तव आपल्या जागी दुसऱ्यास वेळीच तयार करणे, हे प्रत्येक स्वयंसेवकाचे कर्तव्य ठरते.

डोंगराचे शिखर गाठणाऱ्यांची नावे इतिहासात नोंदविली जातात. गावाच्या बागेभोवती अर्धा तास चालून आलेल्यांची नावे कोठेही कोरली जात नाहीत. तथापि फेरी संपताना सर्वांत शेवटी येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते शिखर गाठणाऱ्याच्या आनंदाहून कमी नसते. आणि त्याच्याही मागून, एक पाऊल अंतर राखून, त्याचा सोबती शांतपणे येत असतो.