श्रावणातली चढाई

२०१४ साली आषाढ अमावास्या २६ जुलैला आली, शनिवारी. त्या रात्री मुंबईत वरळीच्या एनएससीआय संकुलात यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम सुरू झाला. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. नागपंचमी झाली, पोळा झाला, गणपती बसले आणि ३१ ऑगस्टच्या रविवारी, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, हेच दोन संघ अंतिम सामन्यात पुन्हा समोरासमोर आले. सलामीला हरलेल्या जयपूरने ३५-२४ असा चषक नेला. आयोजकांनी पंचांग उघडून तारखा काढल्या असतील असे नाही. आयपीएल संपली होती, फुटबॉलचा विश्वचषक आटोपला होता आणि वाहिनीला संध्याकाळ रिकामी सापडली होती, एवढाच हिशेब असावा. पण कापूस पिकवणाऱ्या मुलखात या काळात निंदण आणि डवरणी चालू असते, अंधार पडायच्या आत माणसे घरी येतात आणि आठ वाजता टीव्हीसमोर बसायला मोकळी होतात.

तलमडुगु हा तसाच मुलूख. आदिलाबाद शहराच्या पश्चिमेचे हे मंडल. पलीकडे नांदेड जिल्ह्याचा किनवट तालुका. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू, बंजारा या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. निजामाच्या राज्यात किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. सोयरिकी मात्र कुणी पुनर्रचित केल्या नाहीत. मुलगी किनवटला दिलेली, सून पांढरकवड्याची, पोळ्याला बैलांची शिंगे दोन्हीकडे सारखीच रंगवलेली. आणि २०१४ साली या लोकांचे राज्य पुन्हा बदलले: २ जूनला तेलंगणा अस्तित्वात आले. म्हणजे नवे राज्य दोन महिन्यांचेही झाले नव्हते तेव्हा टीव्हीवर तेलुगू टायटन्स नावाचा संघ उतरला. त्याची घरची मैदाने त्या वर्षी विशाखापट्टणमला होती, म्हणजे वाटणीत आंध्राकडे गेलेल्या शहरात. हैदराबादच्या गच्चीबावली स्टेडियममध्ये हा संघ पुढच्या वर्षी आला.

तेव्हा तलमडुगूच्या मराठी घराने टाळी कोणासाठी वाजवायची? यू मुंबासाठी, पुणेरी पलटणसाठी, की टायटन्ससाठी? पलटण त्या हंगामात तळाला राहिली, टायटन्सची उपांत्य फेरी हुकली, त्यामुळे प्रश्न फार ताणला गेला नाही. शिवाय या संघांची नावे शहरांची असली तरी माणसे भलतीकडची होती. मुंबईचा कर्णधार अनूप कुमार हरियाणाचा, टायटन्सचा लाडका राहुल चौधरी उत्तर प्रदेशातल्या बिजनोरचा. आठ संघांनी लिलावात खेळाडू विकत घेतले होते. त्यातली सर्वांत मोठी बोली पाटण्याने राकेश कुमारवर लावली, १२ लाख ८० हजार रुपयांची. क्रिकेटच्या लिलावात एवढी रक्कम कोणाच्या नजरेतही भरली नसती. रेल्वे, पोलीस, बँकांच्या नोकरीवर खेळ सांभाळणाऱ्या कबड्डीपटूंच्या घरी मात्र ती दहादा मोजली गेली असेल.

साठ सामन्यांच्या या हंगामाला ४३ कोटी ५० लाख प्रेक्षक लाभले, असे जाहीर झाले. त्या वर्षी याच्या पुढे फक्त आयपीएल होती. असल्या आकड्यांकडे मी जरा सांभाळून पाहतो. पाच मिनिटे वाहिनी चाळणाराही त्यात धरलेला असतो. तरी आकडा निम्मा केला तरी खो-खो आणि कबड्डी शाळेच्या पटांगणावर सोडून आलेल्या देशाला हा खेळ परत दिसला, हे खरेच.

दिसला, पण तोच खेळ होता का?

जुनी कबड्डी मातीतली. चुन्याची फक्की मारलेल्या रेषा, अनवाणी पाय, दम लागेपर्यंत चालणारी चढाई. गावच्या स्पर्धा बाद पद्धतीच्या, एकदा हरला की गाशा गुंडाळायचा. नियमही कायम एकच राहिले असे नाही. संजीवनी, गामिनी, अमर असे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने भरवलेल्या स्पर्धेच्या आसपास नियमांची घडी बसू लागली. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी करून दाखवली. १९५०ला अखिल भारतीय महासंघ झाला, १९९०च्या बीजिंग आशियाईत पदक आले. बुवा साळवींसारख्या माणसांनी यासाठी आयुष्य घातले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

आता टीव्हीवरची एक चढाई पाहा. मैदान मॅटचे, १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात तीसचे आकडे उलटे पळू लागतात. पायात बूट आहेत, कारण मॅटवर अनवाणी पाय भाजतो. पावणेचार मीटरवर निदानरेषा. ती ओलांडली नाही, कुणाला स्पर्शही केला नाही आणि परतला, तर तो बाद. त्याच्याही पुढे मीटरभर बोनसरेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच तिचा गुण. हा चढाईपटू डावा कोपरा सोडत नाही, उगाच हात फेकतो, घड्याळाकडे डोळा ठेवतो, रिकामा परततो. चालते. पुढची चढाईही रिकामी गेली तरी चालते. तिसरी मात्र 'डू ऑर डाय': गुण आणला नाही तर बाद. समोर तिघेच किंवा त्याहून कमी उरले असतील आणि त्यांनी त्याला पकडले तर एकाऐवजी दोन गुण.

या सगळ्या तरतुदींचा रोख एकच आहे. आघाडीवर असलेल्या संघाने वेळ काढू नये आणि मागे पडलेल्या संघाचा खेळ संपला असे बघणाऱ्याला वाटू नये. मैदानाभोवती बसलेल्या गावाला रिकाम्या चढायांचा कंटाळा येत नाही, कारण चढाईला गेलेला त्यांचाच असतो. रिमोट हातात धरून बसलेल्या अनोळखी माणसाला मात्र पहिल्याच मिनिटाला कंटाळा येतो, आणि टीव्हीला त्याचीच काळजी.

अशीच गोष्ट इंग्लंडच्या उत्तर भागात पन्नास वर्षे आधी घडली होती. तिथला खेळ रग्बी लीग. हा रग्बीचा १८९५ साली वेगळा झालेला भाऊ. गिरणी आणि खाणकामगारांना शनिवारचा खाडा भरून मिळावा, या वादातून ही फूट पडली. १९६५ साली बीबीसीच्या नव्या दुसऱ्या वाहिनीची सूत्रे डेव्हिड ॲटनबरो यांच्या हाती आली; हो, वन्यजीवांचे माहितीपट करणारे तेच. त्यांच्या कारकिर्दीत बीबीसी टू फ्लडलिट ट्रॉफी सुरू झाली. मंगळवारची रात्र, बाद पद्धत, आणि प्रवेश फक्त ज्यांच्या मैदानावर रात्रीचे दिवे आहेत अशा क्लबांना. चषकासाठी आधी विजेचे खांब उभारायचे, अशी ही अट. पहिला अंतिम सामना कॅसलफर्ड या खाणींच्या गावच्या संघाने सेंट हेलेन्सच्या मैदानावर ४-० असा जिंकला. त्या काळी एका ट्रायचे गुण तीन आणि गोलचे दोन. म्हणजे चार गुणांत एकही ट्राय नव्हता.

हीच अडचण होती. रग्बी लीगमध्ये तेव्हा चेंडू हाती असलेला संघ पाहिजे तितक्या वेळा पकडला जाऊनही चेंडू आपल्याकडेच राखू शकत असे. पडायचे, उठायचे, पुन्हा पडायचे. १९६६च्या फ्लडलिट ट्रॉफीत नियम आला: चार पकडी झाल्या की चेंडूवरचा हक्क संपला. तो रुचला आणि लगेच सगळ्या स्पर्धांना लागू झाला; १९७२मध्ये चाराच्या सहा पकडी झाल्या. आज ऑस्ट्रेलियापासून पापुआ न्यू गिनीपर्यंत हा खेळ सहाच्या मोजणीवर चालतो. कबड्डीतली तिसरी चढाई आणि रग्बी लीगमधली सहावी पकड एकाच जातीची आहेत, असे मला वाटते. दोन्ही नियम एकच सांगतात: बाबा, किती वेळ घेशील? अर्थात नियम केला म्हणून खेळ रंगतोच असे नाही. १९७४चा फ्लडलिटचा अंतिम सामना सॉलफर्ड आणि वॉरिंग्टन यांच्यात ०-० सुटला, तो पुन्हा खेळवावा लागला.

पण या स्पर्धेचा माझा आवडता हंगाम त्याच्या आधीचा, १९७३चा. ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल अडवले, ब्रिटनमध्ये खाणकामगारांनी जादा काम बंद केले आणि सरकारने विजेवर बंधने आणली. मैदानावरचे दिवे बंद. तेव्हा दिव्यांच्या नावाने चालणाऱ्या या चषकाचा अंतिम सामना डिसेंबरात, मंगळवारी, भर दुपारी खेळवला गेला. विडनेसच्या घरच्या मैदानावर विडनेस विरुद्ध ब्रॅमली. लीड्सच्या एका उपनगराचा हा किरकोळ संघ. त्याच्या नावावर मोठे असे काहीच नव्हते. ब्रॅमलीने १५-७ ने बाजी मारली, आणि त्या क्लबच्या साऱ्या इतिहासातला तोच एक मोठा चषक ठरला.

विजेची ही कथा तलमडुगूला समजावून सांगावी लागणार नाही. तेलंगणा झाले तेव्हा नव्या राज्याला विजेची चणचण होती, आणि त्या वर्षी पाऊसही रुसलेला. देशभरात मान्सून सरासरीच्या ८८ टक्क्यांवर थांबला. जूनची पेरणी लांबली, ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांचे डोळे मोटारीच्या विजेकडे. घराच्या पत्र्यावर डीटीएचची छत्री असणे आणि सामना संपेपर्यंत टीव्ही चालू राहणे या दोन वेगळ्या गोष्टी. शेताला चोवीस तास वीज देण्याची योजना राज्याने १ जानेवारी २०१८ पासून लागू केली. तोवर प्रो कबड्डीचे पाच हंगाम होऊन गेले होते.

तोवर खेळाचा बाजारभावही बदलला होता. २०१८च्या लिलावात सहा खेळाडूंनी कोटीचा आकडा गाठला. त्यातला मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांचा, आणि मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांचा. त्याच हंगामात यू मुंबाकडून सिद्धार्थ देसाई नावाचा कोल्हापूर जिल्ह्यातला आडदांड चढाईपटू प्रथमच चमकला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्याचा भाऊ सूरजही त्याच संघात आला. सीमेवरच्या मराठी घराची अडचण अशी परस्पर सुटली. २० जुलै २०१९ला गच्चीबावलीत सातव्या हंगामाची सलामी झाली, टायटन्स विरुद्ध यू मुंबा. कोल्हापूरकडचा गडी तेलुगू संघातून मुंबईवर चढाई करत होता. मुंबईने सामना ३१-२५ असा घेतला.

गच्चीबावलीतच, त्याच्या तीन वर्षे आधी, आणखी एक चषक झाला होता. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. २०१६ साली प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामाबरोबर महिलांचे कबड्डी चॅलेंज भरवले गेले. संघ तीनच: फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. आइस दिवाजची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे, २०१२च्या पहिल्या महिला विश्वचषक विजेत्या भारतीय संघातली खेळाडू. ३१ जुलैला अंतिम सामना झाला आणि तेजस्विनी बाईच्या स्टॉर्म क्वीन्सने तो फायर बर्ड्सकडून २४-२३ असा एका गुणाने काढला. टीव्हीला याहून चुरशीचा शेवट मागूनही मिळाला नसता. बीबीसीने फ्लडलिट ट्रॉफी पंधरा हंगाम चालवून १९८०मध्ये खर्च कापताना बंद केली. महिलांच्या या चॅलेंजचा दुसरा हंगाम भरलाच नाही.