जहाज सुखरूप पोचलं, तरीसुद्धा
(पावणे इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, एमआयडीसीच्या या भागात, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांनी सॉफ्टवेअरमधल्या जोखमीवर बोलायचं, हे जरा विचित्रच आहे. समोर काही जण कारखान्यांतले आहेत, काही महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतले. आम्हाला कोडची एक ओळ लिहिता येत नाही. पण 'सगळं ठीक आहे' असं म्हणायचा हक्क माणसाला कधी मिळतो, हा प्रश्न आमच्या विषयातला आहे. जोखमीचा प्रश्न शेवटी तिथेच येतो.

उदाहरण शेजारचंच घेऊ. जून 2017 च्या अखेरीस न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. कंटेनरच्या धंद्यात क्रेन जितकी महत्त्वाची, तितकीच माहिती महत्त्वाची. कुठला डबा यार्डात कुठे आहे, कुठल्या ट्रकवर चढायचा, कुठल्या जहाजात जायचा, हे सगळं संगणकात. ते गेल्यावर क्रेन धडधाकट असूनही काम अडलं. हाताने नोंदी करत ते कसंबसं, संथपणे चालू ठेवावं लागलं.

झालं काय होतं? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस पसरला. विंडोजमधलं जे भगदाड त्याने वापरलं, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण हा व्हायरस संगणकाच्या मेमरीतून पासवर्डही उचलत होता. म्हणजे एक दुर्लक्षित मशीन सापडलं, की त्याच्या आधाराने पॅच लावलेल्या मशीनवरही जाता येई. शंभरातल्या नव्व्याण्णव दारांना कुलूप आहे, यात समाधान मानता येत नाही, ते असं.

पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसला जाहीरपणे सांगितलं, की दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज दिला तो 25 ते 30 कोटी डॉलरचा.

यातल्या दोन गोष्टींवर आपण थांबू. त्या नंतर प्रसिद्ध झालेल्या सविस्तर वृत्तांतात आल्या.

पहिली. कोण कर्मचारी, कुणाला कुठे प्रवेश, याची नोंदवही सांभाळणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते. प्रत्येक जण दुसऱ्याची नक्कल ठेवायचा. एक गेला तर बाकीचे आहेतच, हा हिशेब. सगळे एकदम जातील, हे कुणी धरलं नव्हतं, आणि सगळे एकदम गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. का? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सुरक्षा सुधारण्याची योजना हल्ल्याआधीच तयार होती. मंजुरी होती, पैसाही होता. पण वरिष्ठांचा बोनस ज्या उद्दिष्टांवर ठरायचा, त्यांत ती नव्हती. त्यामुळे ती मागे राहिली. म्हणजे धोका माहीत नव्हता असं नाही. माहीत होता, लिहिलेला होता. पण तो कुणाचाच नव्हता.

1877 साली क्लिफर्ड नावाच्या इंग्रज विचारवंताने एक दृष्टान्त दिला. एका मालकाचं जुनं जहाज प्रवासी घेऊन निघणार असतं. त्याच्या मनात शंका येते, की दुरुस्ती करायला हवी. पण खर्च मोठा. मग तो मनाची समजूत घालतो, की आजवर इतक्या वादळांतून आलं, आताही येईल. हळूहळू त्याला तसं खरंच वाटू लागतं. जहाज बुडतं. मालक दोषी आहे, यावर आपलं एकमत होईल. पण क्लिफर्ड पुढे विचारतो, समजा जहाज सुखरूप पोचलं असतं तर? त्याचं उत्तर, तरीही दोष तितकाच. कारण तपासणी न करता विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता.

सॉफ्टवेअरमध्ये आपण बरोबर उलटं करतो. रिलीज निभावली की म्हणतो, 'बघा, उगाच घाबरत होता.' झालं नाही म्हणजे धोका नव्हता, असं होत नाही. कदाचित घानामधली वीज गेली असेल, इतकंच.

आम्ही हे वरच्या पायरीवर बसून सांगत नाही. नोकरीत असताना एका महाविद्यालयात गुणांच्या नोंदी संगणकावर नेण्याच्या समितीत आम्ही होतो. जुनी रजिस्टरं पहिल्याच सत्रात बंद करायची ठरली. आम्हाला ते पटलं नव्हतं. पण तज्ज्ञ मंडळी बसली होती, म्हणून गप्प राहिलो. काही मुलांचे गुण चुकीचे लागले आणि ताडून पाहायला जुनी नोंदच नव्हती. एका मुलीचा पुढचा प्रवेश त्यात अडकला. त्या बैठकीच्या इतिवृत्तात 'एकमताने' हा शब्द आहे, आणि त्यात आमचंही मत आहे.

मग करायचं काय? पुस्तकं सांगतात, शक्यता गुणिले नुकसान. तक्ता जरूर करा. पण तुमच्यातल्याच एकाने आम्हाला 'कलिंगड रिपोर्ट' हा शब्द शिकवला. बाहेरून हिरवा, आतून लाल. म्हणून तीन साध्या गोष्टी सांगतो.

एक. प्रत्येक धोक्यासमोर एका माणसाचं नाव लिहा आणि तो जवळ आल्याची पहिली खूण कोणती, तेही लिहा. 'टीम' हे नाव नव्हे.

दोन. बॅकअप आहे, एवढ्यावर थांबू नका. त्यातून सगळं परत उभं करून पाहा, आणि एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडून ठेवा. इथल्या रासायनिक कारखान्यांत आग लागायची वाट न बघता मॉक ड्रिल होतं. शेजाऱ्यांकडून एवढं शिकायला हरकत नाही.

तीन. 'सुरू करायचं का?' हे विचारताना सगळ्यात कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या. लष्करी न्यायालयात मत कनिष्ठापासून घेतात, ते याचसाठी. साहेब आधी बोलले, की बाकीच्यांचं मत तयारच होतं.

(श्रोत्यांतून एका तरुणीचा प्रश्न: सर, आमच्याकडे म्हणतात, अडचण आणू नका, उत्तर आणा. मग धोका दिसला तरी बोलायचं कसं?)

चांगला प्रश्न आहे, बाळ. उत्तर असेल त्यालाच बोलायची परवानगी दिली, तर ज्या धोक्यांवर उत्तर नाही ते कधीच कानावर येणार नाहीत. आणि मोठे धोके बहुतेक तेच असतात. तेव्हा वाद घालू नका. काय पाहिलं, कधी पाहिलं, आणि काय तपासलेलं नाही, एवढं चार ओळींत लिहून द्या. ऐकलं जाईलच, असं वचन आम्ही देत नाही. पण मग इतिवृत्तात 'एकमताने' लिहिताना कुणाचा तरी हात थांबेल. आमच्या वेळी तो थांबला नाही, कारण आम्ही त्या चार ओळी लिहिल्या नव्हत्या.